तेवीस गेले, बारा राहिले: पुरंदरच्या तहाच्या अटी न्याय्य होत्या का?

पुरंदरचा तह म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा एक आकडा आठवतो: २३ किल्ले. शाळेत तो पाठ झालेला असतो. पुढच्या पानावर आग्रा येतं, पेटारे येतात, मग तानाजी येतो आणि वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. या घाईत एक प्रश्न मागेच राहतो. जून १६६५ मध्ये मोगलांकडून शिवाजी महाराजांवर, म्हणजे हरलेल्या बाजूवर, ज्या अटी घातल्या गेल्या, त्या कितपत न्याय्य होत्या?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरं आहेत. एक म्हणतं, तह म्हणजे निव्वळ अपमान होता. दुसरं म्हणतं, तो महाराजांचा डावच होता, दोन पावलं मागे आणि चार पुढे. मला दोन्ही अपुरी वाटतात. पहिल्यात अटी नीट वाचलेल्या नसतात. दुसऱ्यात १६७० मध्ये काय झालं ते आधीच ठाऊक असल्यामुळे १६६५ चं दुखणं पुसलं जातं. त्या उन्हाळ्यात पुरंदराखाली उभ्या असलेल्या कोणालाच पुढची पाच वर्षं माहीत नव्हती, हे धरूनच हे प्रकरण तपासायला हवं.

वेढा

१६६३ मध्ये शाहिस्तेखान लाल महालात बोटं गमावून परतला आणि जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली. औरंगजेबाला आता साधा सरदार पाठवून चालणार नव्हतं. त्याने अंबरचे मिर्झाराजे जयसिंग यांना पाठवलं, सोबत दिलेरखान. मार्च १६६५ च्या सुरुवातीला मिर्झाराजांनी पुण्यात आधीचा मोगल सेनापती जसवंतसिंह याच्याकडून सूत्रं घेतली.

त्यांच्या मोहिमेची मांडणी वाचताना अंगावर काटा येतो, इतकी ती नेमकी आहे. तलवार उपसण्याआधी त्यांनी महाराजांचे सगळे वैरी मोजले आणि एकेकाकडे माणसं पाठवली: जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, जव्हार आणि रामनगरचे राजे, जावळीच्या मोऱ्यांचे उरलेले भाऊबंद, अफजलखानाचा मुलगा फाजल. मुक्कामाला त्यांनी सासवड निवडलं, कारण तिथून एका अंगाला स्वराज्याचे किल्ले होते आणि दुसऱ्या अंगाला विजापूरवर नजर ठेवता येत होती. मार्चअखेर पुरंदरला मोर्चे लागले. अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर आणि हाहेली या तीन अजस्र तोफा इंचाइंचाने डोंगरावर चढवल्या गेल्या. १४ एप्रिलला वज्रगड पडला आणि तिथून पुरंदरची माची थेट माऱ्यात आली. पुढे मुरारबाजी देशपांडे निवडक मावळ्यांसह दिलेरखानाच्या फौजेत घुसले आणि कामी आले. हे आपल्याला तोंडपाठ आहे.

तितकं पाठ नसतं ते मोगल सरदार दाऊदखानाचं काम. वेढा चालू असताना त्याच्या तुकड्या रोहिड्याच्या आणि राजगडच्या खोऱ्यांतून फिरत होत्या. गावं जाळायची, गुरं हाकून न्यायची, माणसं धरायची. एकट्या रोहिड्याच्या परिसरात पन्नासच्या आसपास गावं जाळल्याचं मोगली बाजूच्याच पत्रांतून कळतं. तहाच्या दिशेने पहिलं पाऊल टाकायला महाराजांना भाग पाडलं ते पुरंदरच्या बुरुजांइतकंच या धुरानेही, असं मला वाटतं. किल्ला अजून लढत होता, पण किल्ल्यामागची रयत उघडी पडली होती.

बोलणी

महाराजांनी मिर्झाराजांना पत्रांवर पत्रं पाठवली होती. सुरुवातीची उत्तरं कोरडी होती. मे महिन्यात महाराजांचे वकील रघुनाथपंत छावणीत आले, तेव्हा मिर्झाराजांनी अट सांगितली: स्वतः या, निःशस्त्र या, माफी मागा. बदल्यात त्यांनी शपथ दिली, की बोलणी फिसकटली तरी सुखरूप परत जाऊ देऊ.

११ जूनला महाराज मोजक्या ब्राह्मणांसह पुरंदरच्या पायथ्याच्या छावणीत आले. भेट चालू असतानाच, आधी ठरलेल्या इशाऱ्याप्रमाणे, किल्ल्यावर नवा हल्ला चढवला गेला. तंबूतून तो दिसत होता. आपली माणसं पडताना पाहत अटी बोलायच्या, असा तो प्रसंग. महाराजांनी किल्ला खाली करण्याची तयारी दाखवली आणि मध्यरात्रीपर्यंत घासाघीस चालली. दुसऱ्या दिवशी सुमारे ७,००० माणसं गडावरून उतरली. त्यांत लढणारे ४,००० होते, बाकी बायका, मुलं, चाकरमाणसं. त्यांना जिवंत जाऊ दिलं गेलं.

इथे न्यायाचा हिशेब सुरू होतो, आणि तो सरळ नाही. डोळ्यांसमोर हल्ला चालवून घेतलेल्या संमतीला मोकळी संमती म्हणता येत नाही. पण हरलेल्याच्या तहात मोकळी संमती कधीच नसते. ती कसोटी लावली तर जगातला एकही तह टिकणार नाही. पाहायचं ते एवढंच, की त्या दबावातही हरलेल्याला बोलायला जागा होती का. होती. मध्यरात्रीपर्यंतची घासाघीस हाच त्याचा पुरावा. शिवाय सुखरूप परतीची शपथ पाळली गेली. अफजलखान-भेटीला सहा वर्षंही झाली नव्हती, हे ध्यानात घेतलं तर ही गोष्ट लहान नाही.

अटी

ठरलं ते असं. २३ किल्ले आणि त्यांच्याखालचा वर्षाला ४ लाख होन (सोन्याची नाणी) उत्पन्नाचा मुलूख मोगलांना द्यायचा. १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख महाराजांकडे राहील, बादशाहीशी एकनिष्ठ राहण्याच्या बोलीवर. संभाजीराजांना पाच हजारांची मनसब, म्हणजे मोगली चाकरीतला दर्जा. महाराजांना स्वतःला मनसबीतून आणि दरबारातल्या हजेरीतून सूट. मात्र दख्खनेत मोहीम निघाली की त्यांनी फौजेसह मदतीला यायचं. आणि एक वेगळं कलम: विजापूरकरांचा तळकोकणातला ४ लाख होनांचा आणि बालाघाटातला ५ लाख होनांचा मुलूख बादशहाने फर्मानाने महाराजांना कायम करून दिला, तर महाराज ४० लाख होन १३ वार्षिक हप्त्यांत भरतील.

पहिली गोष्ट, २३ हा आकडा फसवा आहे. ३५ पैकी २३ म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश किल्ले. पण उत्पन्न पाहिलं तर ५ लाखांपैकी ४ लाख होन, म्हणजे पाचातले चार वाटे गेले. पुरंदर, वज्रगड, कोंढाणा, रोहिडा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, माहुली, कर्नाळा ही नावं नकाशावर ठेवून पाहा. पुणे प्रांत, पवन मावळ, उत्तर कोकण आणि घाटवाटांची तोंडं सगळी गेली. पैशाच्या अंगाने हा तह कठोर होता, आणि त्याला मऊ म्हणणं मला मान्य नाही.

आता राहिलेले बारा पाहा. राजगड राहिला, म्हणजे राजधानी राहिली. तोरणा राहिला. रायगड राहिला, त्याच्यासमोरचा लिंगाणा राहिला. घोसाळगड आणि तळागड राहिले, म्हणजे कोकणात पाय ठेवायला जागा राहिली. पोट भरायचा मुलूख गेला होता, पण घराचं जोतं शाबूत होतं. राज्याचा कणा असलेली माणसं, कारभार आणि राजा स्वतः जागेवर होते.

याची तुलना मी तीस वर्षांआधीच्या एका शरणागतीशी करतो. १६३६ मध्ये शहाजीराजे माहुली किल्ल्यात कोंडले गेले. निजामशाहीचा बालराजा मोगलांच्या हवाली करावा लागला, निजामशाहीच संपली आणि शहाजीराजांना आदिलशाही चाकरीत दूर दक्षिणेला जावं लागलं. तिथे हरलेल्या राज्यातलं काहीच उरलं नाही. त्या माहुलीचंही नाव १६६५ च्या तेविसांच्या यादीत आहे. बापाला तिथे सगळं सोडावं लागलं होतं. मुलाला माहुली सोडूनही राजगड राखता आला.

मिर्झाराजांनी हे दयेपोटी केलं, असं मी म्हणत नाही. त्यांची बादशहाला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत आणि त्यांत हिशेब उघड आहे. शिवाजीला पुरता चिरडायला गेलो तर तो विजापूरकरांना जाऊन मिळेल. थोडं राखून दिलं तर तो विजापूरचा वैरी होईल, ४० लाख होन म्हणजे २ कोटी रुपये खजिन्यात येतील आणि त्याची फौज आपल्या कामाला येईल. पण हिशेबातून आलेली सवलतही हरलेल्याच्या दृष्टीने सवलतच असते. हरलेल्याला जगण्यासारखं काही ठेवलं नाही तर तह मोडणं हेच त्याचं हित ठरतं, हे मिर्झाराजांना कळत होतं. दिलेरखानाला ते कळलं नव्हतं. त्याला गड तलवारीने घ्यायचा होता आणि तह झाल्यावर तो रुसला.

खुपणारी कलमं

तीन ठिकाणी हा तह मला अन्यायाचा वाटतो, आणि त्यांत किल्ल्यांची संख्या येत नाही.

एक म्हणजे संभाजीराजांची मनसब. कागदावर तो मान होता. प्रत्यक्षात आठ वर्षांचं पोर तह झाल्यानंतर आठवड्याभरात मोगली छावणीत आलं, बापाच्या वागणुकीची हमी म्हणून. ओलीस ठेवणं ही त्या काळची रीत होती, हे खरं. रीत होती म्हणून त्या मुलाच्या वाट्याला आलेलं हलकं होत नाही. वर्षभराने तेच मूल आग्ऱ्याच्या पहाऱ्यात होतं.

दुसरं म्हणजे ४० लाख होनांचं कलम. याची मांडणी महाराजांकडूनच झाली होती आणि त्यात त्यांचा फायदाही होता. तरी आकडे जुळवून पाहा. हाती उरलेलं वर्षाचं उत्पन्न १ लाख होन; वर्षाचा हप्ता ३ लाखांच्या वर. तो भरायचा तर विजापूरचा मुलूख जिंकूनच भरायचा. बादशहा जे देत होता ते त्याच्या मालकीचं नव्हतं, दुसऱ्याचं होतं, आणि ते मिळवायला रक्त मराठ्यांचं सांडणार होतं. हरलेल्याकडून खंडणी घेणं एक. हरलेल्याला तिसऱ्यावर सोडून त्या लुटीतून खंडणी घेणं निराळं. पुढे झालंही तसंच. १६६५ च्या अखेरीस महाराज ९,००० स्वार-प्यादे घेऊन मिर्झाराजांबरोबर विजापुरावर गेले. मोहीम फसली. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला उधळला गेला, माणसं हकनाक गेली, आणि त्याच सुमारास नेताजी पालकर विजापूरकरांना जाऊन मिळाले.

तिसरं कलम म्हणजे जे कलम नाहीच. जळालेल्या गावांबद्दल अटींत एक शब्द नाही. धरून नेलेल्या माणसांबद्दल नाही, हाकून नेलेल्या गुरांबद्दल नाही. ४ लाख होनांचा मुलूख या हातातून त्या हातात गेला. त्या मुलखातल्या कुणब्याने जून महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, बैल नसताना काय केलं असेल, हे तहात शोधून सापडत नाही. तहाचा न्याय तोलताना आपण नेहमी दोन राजांना तराजूत घालतो. मला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती ही तिसरी बाजू, जिला पारडंच नव्हतं.

शब्द देणारा आणि सत्ता असणारा

या सगळ्या उणिवा धरूनही हा तह टिकू शकला असता, असं माझं मत आहे. महाराजांनी आपली बाजू पाळली होती. तह होताच मिर्झाराजांचा मुलगा किरतसिंह याच्या ताब्यात कोंढाणा दिला गेला. बाकीचे किल्लेही दिले गेले. मुलगा छावणीत पाठवला. विजापुरावर फौज नेली. सप्टेंबरमध्ये बादशहाचं फर्मान आलं, ते नमून स्वीकारलं. हरलेल्याने याहून जास्त काय करायचं असतं?

मोडलं ते वरच्या बाजूने. तहात महाराजांना दरबारी हजेरीची सूट होती. तरी विजापूरची मोहीम फसल्यावर मिर्झाराजांनी त्यांना आग्ऱ्याला जाण्यासाठी राजी केलं, कारण दख्खनेत त्यांची उपस्थिती आता धोक्याची वाटू लागली होती. १२ मे १६६६ ला दरबारात काय घडलं ते अंबरच्या माणसांनी आग्ऱ्याहून लिहिलेल्या राजस्थानी पत्रांतून कळतं. महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं, आणि पुढे जसवंतसिंह आहे हे कळल्यावर त्यांचा संताप अनावर झाला. ज्याची पाठ आपल्या सैनिकांनी पाहिली त्याच्या मागे उभं राहायचं, ही गोष्ट त्यांनी सहन केली नाही. मग पहारे बसले. मिर्झाराजांचा मुलगा रामसिंह जामीन राहिला होता, म्हणजे बापाचा शब्द राखायची पाळी मुलावर आली. १७ ऑगस्टला महाराज निसटले.

मला या प्रकरणाचं मर्म इथे दिसतं. अटी ठरवणारे मिर्झाराजे होते. त्या पाळायची ताकद औरंगजेबाकडे होती. महाराजांनी ज्याच्या शब्दावर शस्त्र खाली ठेवलं, त्याच्या हातात तो शब्द पुरा करणं नव्हतंच. अटी कितीही मोजून-मापून घातल्या, तरी त्या देणारा दुसऱ्याचा चाकर असेल तर हरलेल्याला मिळते ती एका माणसाची भलाई, तह मिळत नाही.

आणि ती भलाईही किती तकलादू होती, हे सांगितल्याशिवाय मिर्झाराजांचं चित्र पुरं होत नाही. आग्ऱ्याहून सुटकेची बातमी आल्यावर बादशहाची मर्जी उडाली. तेव्हा याच मिर्झाराजांनी वजीर जाफरखानाला लिहिलं, की शिवाजीच्या घराशी सोयरिकीचं बोलणं लावून त्याला बोलावून घेऊ आणि वाटेत संपवू. सुखरूप परतीची शपथ पाळणारा तो हाच माणूस. विजापूरच्या मोहिमेत त्याने स्वतःच्या पदरचा प्रचंड पैसा ओतला होता, तो परत मिळाला नाही. १६६७ मध्ये त्याला दख्खनेतून परत बोलावलं गेलं आणि वाटेत बुऱ्हाणपूरला तो वारला. त्याची अवस्था वाचून वाईट वाटतं. पण तहाला धनी उरला नाही, हेही त्या मृत्यूने पक्कं झालं.

तरी महाराजांनी लगेच उठाव केला नाही, ही गोष्ट डावाची कथा सांगणारे सोडून देतात. १६६७ ते १६६९ या काळात पुन्हा सलोखा झाला. संभाजीराजांची मनसब कायम झाली, वऱ्हाडात जहागीर मिळाली, प्रतापराव गुजर फौज घेऊन औरंगाबादेत मोगली चाकरीत राहिले. महाराजांना राजा हा किताबही मान्य झाला. सलोखा बिघडला त्याचं एक कारण अगदी क्षुल्लक वाटेल असं आहे: आग्ऱ्याच्या प्रवासासाठी दिलेले १ लाख रुपये वसूल करायला मोगलांनी वऱ्हाडच्या जहागिरीतला भाग जप्त केला. ज्या प्रवासात त्या माणसाला कैद केलं, त्याच प्रवासाचा खर्च त्याच्याकडून मागितला. ही रक्कम ४० लाख होनांपुढे काहीच नव्हती. पण हरलेला माणूस आपल्याला कसं वागवलं जातंय हे अशा वसुलीतच वाचतो.

आपण जिंकलो तेव्हा

हीच कसोटी आपल्यालाही लावावी लागते, नाहीतर हा सगळा अभ्यास गाऱ्हाण्यापलीकडे जात नाही. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. दौलताबादसह मोठा मुलूख घेतला, कोट्यवधींची खंडणी लादली आणि त्याचा दिवाण मुशीर-उल-मुल्क याला हवाली करायला लावून पुण्यात नेऊन ठेवलं. चौथाईची, म्हणजे महसुलातल्या चौथ्या हिश्शाची, थकबाकी मागणं रास्त होतं, असं म्हणता येईल. पण दुसऱ्या राज्याचा कारभारीच उचलून आणणं ही वसुली नव्हे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले, पुण्यात कारस्थानं माजली आणि त्या गोंधळात निजामाने त्यातलं बरंचसं परत मिळवलं, दिवाणही सुटला. सप्टेंबर १७९८ मध्ये निजामाने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज स्वीकारली, आणि त्या वेळी हैदराबादचा कारभार याच मुशीर-उल-मुल्काच्या हातात होता. खर्डा हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, इंग्रजांचं वजन तेव्हा सगळीकडेच वाढत होतं. तरी पुण्यात नजरकैदेत काढलेले महिने तो माणूस विसरला असेल, असं मला वाटत नाही. पुरंदरला मिर्झाराजांनी राजाला त्याच्या राजधानीत परत पाठवलं होतं. खर्ड्याला आपण तेवढंही केलं नाही.

१६७०

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा परत आला, तानाजी मालुसरे गेले. मार्चमध्ये निळोपंतांनी पुरंदर घेतला. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत लोहगड, माहुली, कर्नाळा, रोहिडाही परतले. पाच वर्षांपूर्वी दिलेल्या तेविसांपैकी बहुतेक किल्ले काही महिन्यांत हाती आले. कारण ते जिंकायला लागणारी माणसं, घोडी आणि वाटांची माहिती त्या बारा किल्ल्यांच्या आसऱ्याने जिवंत राहिली होती. मोगल दरबारात कोणी म्हणालं असेल की मिर्झाराजांनी फार राखून दिलं. मला उलट वाटतं. राखून दिलेल्या किल्ल्यांवर महाराज १६६९ पर्यंत स्वस्थ बसले होते.

त्या बारांपैकी एक रायगड. १६६५ च्या यादीत तो लहान-मोठ्या नावांच्या ओळीत एक नाव म्हणून आहे. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला तो तिथे, पुरंदरच्या भेटीला नऊ वर्षं पुरी व्हायला पाच दिवस कमी असताना.